उसातलं गाणं

दर रविवारी दिवस कलला की ती बाई बोरीच्या फाट्यावर, माझ्या पंक्चरच्या दुकानापुढं एसटीतून उतरायची. सकाळी जुन्नरला चर्चमध्ये उपासनेला गेलेली असायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, तरी त्या दिवशी हातात हिरवा चुडा आणि अंगावर लग्नातला शालू. लोक कुजबुजायचे. ती मात्र पदर खोचून दोन्ही अंगांच्या उसामधल्या वाटेनं मोठ्यानं गात निघायची, "ये माझ्या राजा, बाशिंग बांधून ये."

आमच्याकडं उसाच्या कडेनं जाताना सगळेच मोबाइलवर गाणी लावतात, बिबट्या बिचकावा म्हणून. मी एकदा म्हणालो, "मावशी, मोबाइल लावा की. घसा कशाला फोडताय?"

ती हसली. "बिबट्यासाठी न्हाई गात, भाऊ. माझा येशू नवरदेव हून येणार हाय. एवढ्या उसात मी त्याला दिसायची न्हाई. आवाज तरी जायला पायजे का नको?"

गेल्या रविवारी गाणं मधेच थांबलं. दोन दिवसांपूर्वीच तिथून बिबट्यानं वासरू उचललं होतं. मी हातातला पाना टाकून उठलो. हाक मारायची तर 'मावशी'पलीकडं तिचं नावही मला ठाऊक नव्हतं. वाटेच्या तोंडाशी गेलो, पण पुढं पाय उचलेना. आत ऊस सळसळला. आणि कधी भजनातही तोंड न उघडणारा मी बेसूर ओरडलो, "ये माझ्या राजा..."

नुसती सळसळ.

मग लांबून, धाप लागलेल्या आवाजात आलं, "बाशिंग बांधून ये!"