वनिताच्या डोळ्यांचा आवाज

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते.

वनिता माझ्या धाकट्या भावाची बायको. पेणला रामवाडीत गणपतीच्या कारखान्यात आखणी करायची — म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायची. हात असा, की मालक मोठ्या मूर्ती तिच्यासाठी राखून ठेवायचा. एकदा जेवताना ती म्हणाली, डोळे फिरवले की कानात आवाज येतो. घासल्यासारखा. आणि मोठा हॉर्न वाजला की जमीन कलते.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बघणारच — मिठागरावर राबलेल्या आमच्या घरात पहिली बी.एस्सी. मी, धाटावच्या कंपनीत लॅबमध्ये. मी घास गिळला नि म्हणाले, "डोळ्याला आवाज नसतो. शास्त्रात असं काही नाही."

भाऊ हसला. "कानाला रेडिओच लाव गो आता."

तिथेच थांबलं असतं तर — नुसती चूक म्हणता आली असती, नाही का?

पुढे आखणी करतानाच ती चक्कर येऊन पडली. मूर्तीचा डोळा फिसकटला. मग मी तिला पनवेलला नेलं, स्कॅन काढला. डॉक्टर मराठीतच सुरू झाले होते. मीच इंग्रजीत विचारलं — आपण कुणाशी बोलतोय, हे त्यांना कळावं म्हणून. मग ते माझ्याशीच इंग्रजीत बोलत राहिले. कानाच्या आत, तोल सांभाळणारी बारीक नळी असते. तिच्यावरचं कवटीचं हाड काहींचं पातळ असतं. हिचं एका जागी नाहीच. म्हणून शरीरातले आवाज हिला ऐकू येतात, डोळे फिरल्याचासुद्धा. ऑपरेशन होतं, मुंबईला.

मला सगळं कळलं. शब्द न् शब्द.

"काय बोलले, ताई?" वनिताने विचारलं.

"नॉर्मल आहे," मी म्हणाले. फाईल माझ्याच पिशवीत ठेवली.

का? घरी जाऊन 'मी चुकले' म्हणायचं होतं, एवढंच. तेवढं — म्हणवलं नाही.

तिची आखणी सुटली. आता कच्च्या मूर्तींना पॉलिश पेपर मारते. मिरवणुकीत बेंजो वाजला की भिंत धरते, पोरं हसतात. भाऊ म्हणतो, "ताय बोलली ना, काय नाय म्हणून."

गेल्या रविवारी रोह्याला माझ्याकडे आली होती. हळूच म्हणाली, "आवाज अजून येतो, ताई. पण तू शिकलेली. म्हंजे माझ्या डोक्यातच काय बिघडलं असेल, व्हय ना?"

मी तिच्याकडे बघितलं. मग तिच्या कपात चहा ओतला.