न पाहिलेली पंगत

देवपुरातल्या आमच्या घरी श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. त्या दिवशी गव्हाचे रोट, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी आणि खीर होते. हे जेवण फक्त भाऊबंदांनी एकत्र बसून करायचं असतं. बाहेरच्याला रोट देत नाहीत. भाऊबंदाला बोलावलं नाही, तर तो आपला राहिला नाही असा सरळ अर्थ होतो.

धरणगावच्या आबांना आम्ही बारा वर्षं बोलावलं नव्हतं. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. कारण घरात सगळ्यांना पाठ होतं. माझ्या बहिणीच्या लग्नानंतरच्या पहिल्या कानबाईला मानपानावरून बोलाचाली झाली आणि आबा रोटाच्या भरल्या ताटावरून उठून गेले. रोटाच्या ताटावरून उठणं म्हणजे यजमानाचा नव्हे, कानबाईचा अपमान. त्यावर पुढे बोलणं नव्हतं.

यंदा आषाढात आबांच्या मुलाचा फोन आला.

"दोनदा दवाखान्यात नेऊन आणलं," तो म्हणाला. "एकच धोशा लावलाय, औंदा रोट देवपूरलेच खासू. पुढच्या वर्षाचं आता कोणी सांगू शकत नाही. नानांना तूच विचार, माझा फोन ते उचलत नाहीत."

मग त्याने विचारलं, "तू होतास ना तिथे? आबा उठले हे आम्ही नातेवाइकांकडून ऐकलं, पण उठताना ते नेमकं काय बोलले?"

मी सांगतो म्हणालो आणि फोन ठेवला. वडिलांना, म्हणजे नानांना, निरोप दिला. त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. विषय संपवायचा असला की ते अहिराणीत बोलतात. आईकडे बघून म्हणाले, "मी एकलाच म्हनत नही. मना पोऱ्यानी सोताना डोयानी देखेल शे."

मी पाहिलं होतंच. आबा डाव्या हाताला बसले होते. रोट मोडलेला होता, भाजीला हात लागला नव्हता. उठताना त्यांच्या धक्क्याने तांब्याचा लोटा कलंडला आणि पाणी पाटाखाली गेलं. पण ते काय बोलले? मला एक वाक्यही आठवेना. चित्र होतं, आवाज नव्हता. बातमीदारीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे खटकायला हवं होतं. प्रत्यक्षदर्शी सापडला की पहिला प्रश्न असतो: तुम्ही कुठे उभे होतात? तो मी स्वतःला कधी विचारला नव्हता.

जुन्या बातम्यांची कात्रणवही माझ्याकडे आहे. त्या श्रावणाची पानं काढली. साक्रीजवळच्या एका गावात बिबट्या विहिरीत पडला होता. रविवारी सकाळपासून त्याला काढण्याचा प्रयत्न चालू होता आणि सायंकाळी तो पिंजऱ्यात आला. बातमी माझी होती. त्या रात्री साक्रीत मुक्काम केल्याचंही कडेला पेन्सिलीने लिहिलेलं होतं. जुन्या पंचांगात तारीख ताडून पाहिली. तोच रविवार होता. घरी पंगत बसली तेव्हा मी विहिरीच्या काठावर होतो.

ऐकलेली गोष्ट पुनःपुन्हा सांगितली जाते तशी तिच्यात जागा भरतात, माणसं बसतात, आणि एक दिवस ऐकणाराही त्यात जाऊन बसतो. हे मी एरवी दुसऱ्यांच्या साक्षींबद्दल सांगत असे.

वही घेऊन नानांसमोर बसलो. म्हणालो, "नाना, त्या दिवशी मी घरी नव्हतो. साक्रीला होतो."

त्यांनी कात्रण वाचलं. चष्मा काढून पुन्हा लावला आणि पुन्हा वाचलं.

"असं कसं?" ते म्हणाले. "मग तो लोटा कोणी उचलला? तूच उचलला. माझ्या समोर."

आई दारात निवडायला मेथी घेऊन बसली होती. तिथूनच म्हणाली, "कसला लोटा? लोटा तर साखरपुड्याच्या दिवशी व्याह्यांच्या हातून सांडला. तुम्ही दोघं काहीचं काही कुठे जोडताय?"

"तू पाहिलंस का आबांना उठताना?" मी तिला विचारलं.

"मी चुलीपाशी. मला यांनी सांगितलं."

साक्षीदार आता नाना एकटेच उरले होते, आणि त्यांच्या चित्रातला मुलगा व लोटा दोन्ही निघून गेले होते.

"ते उठले हे खरं आहे," ते शेवटी म्हणाले. पण हे त्यांनी विचारल्यासारखं म्हटलं. मग फोन मागितला.

फोन स्पीकरवर होता. आबांचा आवाज बारीक झाला होता. नानांनी ना तब्येत विचारली, ना काही. "भाऊ, त्या साल तू रोटना ताटवरथून काबर उठना?"

पलीकडे खोकला. मग आबा म्हणाले, "मी उठनू? माले तं याद नही भो. तू म्हनस तं उठेल व्हसू. तेन्हाकरता बलावत नव्हता का?"

"मंग तुले काय वाटनं, कसाकरता?" नानांनी विचारलं.

"माले वाटनं, तुना घर लहान पडस."

आई हसली. नाना हसले नाहीत. "ये कानबाईले," ते म्हणाले. "पन ताटमधलं बठ्ठं जेवीसन मंग ऊठ."

आबा आले. त्यांनी दीड रोट खाल्ला, तोही एकेक घास थांबून. बाकीच्यांची जेवणं कधीच झाली होती. हात वाळले तरी नाना त्यांच्या शेजारून हलले नाहीत. आबांनी ताटात हात धुतला, तेव्हा दोघे एकमेकांना धरून उठले.

बहिणीच्या लग्नानंतरच्या त्या कानबाईला आमच्या घरी नेमकं काय झालं, ते मला माहीत नाही.