वीणा कोणी धरली

आमच्या गावच्या विठ्ठलाच्या देवळात आता काकीचा फोटो लावलेला आहे. सप्ताहाची वीणा गळ्यात घेणारी पंचक्रोशीतली पहिली बाई, असं त्याच्याखाली रंगानं लिहिलंय. माहेरी गेले की भाचेसुना मला हौसेनं तो फोटो दाखवायला नेतात. मी विठ्ठलाला हात जोडते, फोटोला जोडत नाही. आत्याबाईंना आता नीट दिसत नाही, असं समजून त्या बिचाऱ्या गप्प बसतात. दिसतं मला चांगलं.

काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकाची बायको. काका लग्नानंतर लवकरच गेला. ती पिंपळगाव राजाची, वडिलांनी पोथी वाचायला शिकवलेली. जानेफळच्या पुढं आमचं गाव. महाराष्ट्र नवा नवा होता आणि गावात अक्षरं ओळखणाऱ्या बायका शोधाव्या लागत. काकीनं दुपारच्या वेळी देवळाच्या बाजूच्या ओट्यावर बायकांपुढं पोथी वाचायला सुरुवात केली. आधी दोघी-चौघी यायच्या, मग ओटा पुरेना. कोणता उपास कसा सोडायचा, नवसाचं काय करायचं, सासू-सुनेच्या भांडणात कोणी नमतं घ्यायचं, सगळं काकीला विचारून व्हायला लागलं. जिला कोणी हळदीकुंकवाला बोलवत नव्हतं, त्या बाईच्या पायाशी भरल्या कपाळाच्या बायका बसायच्या. पुरुषसुद्धा वाटेत थांबून तिच्या पाया पडायचे. मला तिचा एवढा अभिमान होता की तिची चालही मी उचलली होती. आई म्हणायची, "बाई, तू माही का तिची?"

मी सातवी पास झालेली आणि माझा आवाज मोकळा होता. काकीनं मला शेजारी बसवून शिकवलं. ओवी कुठं तोडायची, दम कुठं घ्यायचा, ऐकणारीच्या डोळ्यांत पाणी आलं तरी आपण कसं थांबायचं नाही. एकदा सगळ्या बायकांदेखत ती म्हणाली, "माह्या मागं हे पोरगी वाचीन." त्या दिवसापासून मला दुसरं काही नकोच होतं. स्थळं, लुगडी, डोरलं, काहीच नको. मला तो ओटा पाहिजे होता.

त्या वर्षी चैत्रातल्या सप्ताहाला मेहकरहून भोंगा आणला होता. गावात पहिलाच. काल्याच्या सकाळी त्या भोंग्यावरून बायकांनी एक अध्याय वाचायचा, हे काकीनं पुरुषांशी भांडून मिळवलं, आणि मिळवल्यावर तो अध्याय मला दिला. पाणी भरताना, शेण काढताना, बकऱ्यांच्या मागं फिरताना मी तो घोकत होते.

सप्ताहाची रीत अशी की सात दिवस नाम थांबू द्यायचं नाही आणि वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही. एक जण वीणा गळ्यात घालून देवापुढं उभा राहतो. त्याचा पहारा संपला की दुसरा येतो, त्याच्या पाया पडतो आणि त्याच्या गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घेतो. पहारेकरी सगळे पुरुष. बायकांनी गहू निवडायचे, सारवायचं, फुलं ओवायची.

सप्ताहाच्या मधल्या एका दुपारी शिवारात कडब्याच्या गंजीला आग लागली. वारा होता. एका गंजीवरून दुसरीवर जायला लागली तसे गावातले सगळे बाप्ये बादल्या, घागरी, गोणपाटं घेऊन धावले. देवळात उरले एक म्हातारेबुवा, वीणा गळ्यात घेऊन, आणि गहू निवडणाऱ्या आम्ही बायका. पुढच्या पहाऱ्याचा माणूस आगीकडं गेलेला. बुवांचा पहारा उलटून गेला, त्यांचे पाय लटलट कापायला लागले, आवाज बसला. आम्ही सुपं खाली ठेवली. बुवांनी एकदा आमच्याकडं पाहिलं आणि खांबाला टेकले.

काकी उठली. तिनं दोन्ही हात पुढं केले, आणि तिथंच थांबली. मग माझ्याकडं वळली.

"मी रांडव बाई. मले लोक नावं ठेवतीन. तू कुवारी हायेस, कुवारीले दोष नसते. घे गयात."

मी बुवांच्या पाया पडले आणि वीणा घेतली. बुवा तिथंच बसले आणि मग आडवे झाले. दोघी जणी त्यांना धरून घरी घेऊन गेल्या. मी नाम धरलं. पहिल्यांदा आवाज चिरका निघाला. मग मागून एकीनं टाळ घेतले, दुसरीनं सूर धरला, आणि देऊळभर बायकांचा आवाज झाला. वीणेचा पट्टा मानेत रुतत होता आणि मला वाटत होतं, हे संपूच नये. तेवढा आनंद मला पुढं लग्नात झाला नाही, की पहिला मुलगा झाला तेव्हा झाला नाही.

ऊन उतरल्यावर पुरुष परतले. काजळलेल्या हातांच्या एकानं माझ्या गळ्यातून वीणा ओढून घेतली. माझ्या पाया तो पडला नाही.

दिवेलागणीला देवळापुढं बैठक बसली. कीर्तनाला बाहेरगावचे महाराज आलेले, ते मध्ये. गावचे मोठे लोक भोवती. बायका पदर ओढून भिंतीशी, आणि मी काकीच्या शेजारी. मला भीती अशी वाटतच नव्हती. काकी बसलेली होती ना.

"वीणा इले कोणं देल्ली?" एकानं विचारलं.

काकी म्हणाली, "मी सुपापाशी होती. पोरीनं आपल्या मनानं घेतली असंन."

मला वाटलं, तिला प्रश्नच कळला नाही. मी तिच्याकडं पाहिलं. ती समोर पाहत होती. ज्यांच्या देखत तिनं मला हुकूम दिला होता, त्या सगळ्या बायका तिथं होत्या. काकी बोलेल ते त्यांचं. सगळ्या मूग गिळून बसल्या. म्हातारेबुवा घरी तापानं फणफणलेले होते, त्यांना शुद्ध नव्हती.

मग एक म्हातारा पाटील खाकरला. "बाजूले बसेल त नव्हती न हे पोरगी?"

चार पुरुषांत हे विचारल्यावर पोरगी काय बोलणार? माझी मान जी खाली गेली ती वर येईना. पण काकीला बोलता येत होतं. मी तिच्याच खोलीत झोपायचे. सप्ताह बसायच्या आधीच्या आठवड्यात चौथ्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर पाणी घातलं होतं. तिनं फक्त "नाई" म्हणायचं होतं.

"मले काय मालूम," काकी म्हणाली.

महाराजांनी सांगितलं, नाम खंडलं असं धरू नका, पण वीणा गोमूत्रानं शुद्ध करा आणि काल्यापर्यंत या मुलीनं देवळाची पायरी चढू नये. कोणी आवाज चढवला नाही, कोणी मारलं नाही. एवढ्या शांतपणे माझं सगळं काढून घेतलं.

घरी आल्यावर आई काकीच्या पुढ्यात उभी राहिली. एरवी ती काकीपुढं आवाज काढत नसे.

"तू काऊन गप बसली वो? माही पोरगी तुह्याजवळ झोपते न?"

"बोलली असती त उद्या बायकाईचा ओटाच बंद केला असता त्याईनं. एका पोरीपायी साऱ्या बायकाईचं नुकसान करू काय?"

"माही पोरगी बाई नाई काय?"

काकी हात धुऊन जपाला बसली.

काल्याच्या सकाळी माझा अध्याय भोंग्यावरून काकीनं वाचला. मी घरी उंबऱ्यात बसून ऐकला. फार सुंदर वाचला तिनं, खोटं कशाला सांगू. गावातल्या बाया तो अध्याय आयुष्यभर आठवत राहिल्या.

माझं नाव मात्र झालं सप्ताह बाटवणारी. जवळपासची स्थळं यायची थांबली आणि वर्षाच्या आत मला जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याला सोनाळ्यात दिली. सासरी मी सांगितलंच नाही की मला पोथी वाचता येते. शेजारणींनी विचारलं तर म्हणायचे, अक्षरं विसरली.

माझी नात कॉलेजात स्त्रीवाद शिकते. बायकांना देवळात बरोबरीचा मान पाहिजे, म्हणते. पाहिजेच, मी कुठं नाही म्हणते? तिला वाटतं माझा राग त्या पाटलावर, त्या महाराजांवर असेल. आहे थोडा. पण त्यांच्याकडून मी कधी काही मागितलंच नव्हतं. जिच्याकडून मागितलं होतं तिनं आपली जागा राखली आणि त्याला सगळ्या बायकांचं नाव दिलं. काकीचा हिशेब चुकला होता असंही म्हणवत नाही, ओटा खरंच राहिला. तरी माझा राग गेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

दहा-बारा वर्षं गेली. गावोगाव महिला मंडळं निघायला लागली होती. आमच्या गावातल्या मंडळानं काकीचा सत्कार ठेवला तेव्हा मी माहेरी आलेली होते, पोराला मांडीवर घेऊन मागं बसले. बुलढाण्याहून एक प्राध्यापक बाई आल्या होत्या. शाल झाली, नारळ झाला. मग काकी माईकपुढं उभी राहिली. आग सांगितली, वारा सांगितला, बुवांचे कापणारे पाय सांगितले.

"मंग म्या म्हणलं, होईन ते होईन. अन् वीणा माह्या गयात घातली."

पुढच्या रांगेत त्याच बायका बसल्या होत्या. माना डोलवत होत्या.

पोराला शेजारणीच्या मांडीवर टाकून मी उभी राहिले. एवढ्या लोकांत मी कधी बोलले नव्हते. पण आवाज निघाला, आणि स्वच्छ निघाला.

"वीणा मी धरली होती. काकीनं नाई. मी."

प्राध्यापक बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पुढं होऊन माईक हातात घेतला.

"ऐकलंत? या बहिणीलाही वाटतंय की ती वीणा तिनंच धरली होती! तुम्हा प्रत्येकीला तसंच वाटलं पाहिजे. त्या दिवशी काकूंच्या रूपानं आपण सगळ्यांनीच ती वीणा धरली होती!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "तसं नाई, तसं नाई," मी म्हणत होते, पण माझं मलाच ऐकू येत नव्हतं. मी काकीकडं पाहिलं. तिनंही माझ्याकडं पाहिलं, हातातला नारळ सावकाश खुर्चीवर ठेवला आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायला लागली.