गुळाचा खडा

संघप्रियाचे पप्पा, म्हणजे आमचे कोंडिराम, खारी गावामागच्या एका गाळ्यात बावीस वर्षं बफिंगला होते. बफिंग म्हणजे स्टीलची भांडी फिरत्या चाकावर धरून घासायची, चकाचक करायची. तुमच्या पातेल्यात तुमचं तोंड दिसतं ना, ते असंच कुणीतरी घासलेलं असतं. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा दात आणि डोळे तेवढे पांढरे, बाकी सगळा माणूस काळा. मी म्हणायची, "आले बघा कोळशाचे व्यापारी!" ते हसायचे आणि खोकायचे.

त्यांच्या डब्यात मी रोज गुळाचा खडा ठेवायची. गाळ्यातली रीतच आहे ती. काम सुटलं की गूळ चघळायचा, छातीतली धूळ त्याला चिकटून खाली उतरते म्हणे. जुन्या कारागिरांनी सांगितलेलं. तोंडाला फडकं बांधलं की जीव गुदमरतो, म्हणून यांनी कधी बांधलं नाही. "गूळ आहे ना," म्हणायचे. एकदा गूळ घरीच राहिला, तर मी हातातलं काम टाकून गाळ्यापर्यंत पळत गेलेय.

मग दम लागायला लागला. जिना चढताना मधेच पायरीवर बसायचे. इथल्या डॉक्टरनं टीबी सांगितला. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, फरक शून्य. मी काय केलं? खडा मोठा केला. अक्कल बघा माझी!

संघप्रिया तेव्हा नववीला. एक दिवस मोठ्यानं पाठ करत होती, "जे जागा व्यापतं आणि ज्याला वस्तुमान असतं, ते द्रव्य. द्रव्य बारीक कणांचं बनलेलं असतं."

हे खाटेवरून म्हणाले, "बरोबर आहे. मी तेच काढायचो. टोपाचे कण."

"मग ते जातात कुठे, पप्पा?"

"उडून जातात."

"उडून कुठे?"

पोरीनं पुस्तकातलं शरीराच्या आतलं चित्र काढून माझ्यापुढे धरलं. "आई, ही नळी जेवणाची, ही श्वासाची. गूळ इकडून जातो, धूळ तिकडून. त्यांची भेटच होत नाही गं."

मी तिच्या थोबाडीत मारली. हो, मारली. खरं बोलली म्हणून.

"तिला कशाला मारतेस?" हे म्हणाले. थोडा वेळ श्वास गोळा केला. "जागा व्यापतं म्हणते ना ती... माझ्यात आता हवेला जागाच राहिली नाही."

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून तेच सांगितलं. ही धूळ आता निघायची नाही. गाळ्याचा शेठ म्हणाला, तंबाखूनं झालं असेल. ज्या माणसानं जन्मात सुपारी चघळली नाही, त्याला!

फेब्रुवारीत गेले.

पुण्यानुमोदन, म्हणजे आमच्यातलं दिवसकार्य, झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारच्या अंबिकाकडे गेले. यांच्या चाकावर आता तिचा नवरा आत्माराम बसतो. ती त्याचा डबा भरत होती. चपाती, भेंडी आणि वर कागदात गुळाचा खडा. मी तो उचलला आणि मोरीत फेकला.

"अहो ताई, काय करताय!"

मी तिला दोन्ही नळ्या समजावून सांगितल्या. स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून दाखवल्या. ती ऐकत राहिली.

"शेठला धूळ ओढायचा पंखा लावायला सांग म्हणावं," मी म्हटलं.

"बोलून झालंय. नको असेल तर सोड म्हणाला, दुसरा माणूस तयार आहे." तिचे डोळे भरले. "मग मी डब्यात काय ठेवू, ताई?"

तिनं फळीवरचा डबा काढला, दुसरा खडा फोडला, कागदात गुंडाळला आणि चपातीवर ठेवला.

मी तिला अडवलं नाही.