चढावरची जीप

खापरच्या बाजारातला तो मोबाईल-दुरुस्तीवाला फारसं बोलत नाही. गिऱ्हाईक नसलं की एकट्याने बनवलेला गेम सुधारत बसतो. त्यात माणसांनी भरलेली जीप मोलगीचा घाट चढते. कोण खेळतं हे त्याला कळत नाही, जीप कुठे आणि किती माणसांसह उलटली तेवढं दिसतं. माझी रोज तिसऱ्या वळणावर उलटायची, म्हणून लाजेखातर मी खेळतो हे सांगितलंच नाही.

परवा तो आपणहून म्हणाला, “गुरुजी, मन्हा गेम एकच जण खेळस. पन चढवर मानसं खाले उतारसच नही! आपलाकडना नही शे तो. दूर परदेशना व्हई!”

वीस वर्षं त्याच चढाला जीपमधून उतरून चालणारा मी “असेल” म्हणालो. तो खुशीत हसत होता.

आता माणसं उतरवतो, वळण जमतं. तरी त्याचा परदेशी खेळाडू हरवू नये म्हणून रोज एकदा मी तिथे उलटतो.