उपाशी गोधडी

ती घटना आजही आठवली की माझं डोकं तापतं. नव्वदच्या दशकात मी सुरतेत सब इन्स्पेक्टर होतो. मूळचा खानदेशचा, त्यामुळे मराठी माणसाची तक्रार आली की ठाण्यात ती माझ्याच गळ्यात पडायची.

त्या दिवशी सुरतेतल्याच बमरोली वस्तीतल्या पंधरा खानदेशी बाया आल्या. नवरे कापडाच्या लूमवर कामाला, आणि या घरी चिंध्यांच्या गोधड्या शिवायच्या. लहान धंदेवाल्यांचा माल परदेशात विकला जावा म्हणून परदेशातल्या एका सरकारच्या मदतीतून योजना निघाली होती. ज्यांची निवड होईल त्यांना तिकडच्या प्रदर्शनात फुकट जागा मिळणार होती. बायांनी नमुन्याच्या बारा गोधड्या निवड समितीकडे पोचवायला एका व्यापारी शेठकडे दिल्या. तो म्हणाला, टेम्पोतून चोरीला गेल्या. पण चोरीची तक्रार त्यानं कुठेच दिली नव्हती. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

दोन दिवसांनी त्याच्या गोदामासमोरचा चहावाला खबर देऊन गेला. माल आतच आहे, त्यावर शेठच्या फर्मची लेबलं लागलीत, आणि परवा समितीची माणसं बघायला येणार आहेत. मी पंच घेऊन छापा घातला. बाराच्या बारा गोधड्या मिळाल्या.

शेठ ठाण्यात आला तो जावयासारखा. खुर्ची स्वतःच ओढून घेतली. म्हणे, या माझ्या कारागिरांनी शिवल्या, चिंध्याही माझ्याच मिलच्या. चिंध्यांचं खरं होतं, बाया त्या त्याच्याकडूनच आणायच्या. त्यांच्याजवळ पावती नाही, कागद नाही. आमचे पी.आय. म्हणाले, चिंध्यांपायी एवढा खटाटोप कशाला, मांडवली करून टाक. मी म्हणालो, साहेब, तसा लेखी हुकूम द्या. त्यांनी काही तो दिला नाही.

बायांमध्ये साठीच्या एक आक्का पुढारी होत्या. गोधडी तुमचीच, याची काही खूण आहे का, असं मी त्यांना विचारलं. त्या टेबलाजवळ सरकल्या. मग हळूच बोलल्या. शेवटचा कोपरा शिवून बंद करण्याआधी आत भाकरीचा तुकडा आणि ज्वारीचे दाणे घालायची त्यांची रीत होती, पांघरणाऱ्याला कधी उपास पडू नये म्हणून. माझी आईसुद्धा घालायची, आणि मला ते सुचलं नाही! पण योजनेच्या शिबिरात या बायांना बजावलं होतं, धान्यानं मालाला कीड लागते, ते सापडलं तर निवड रद्द होईल. बायांनी तिथं माना डोलावल्या आणि घरी येऊन दाणे घातलेच.

मी आडपडदा ठेवला नाही. म्हणालो, "आक्का, हे पंचनाम्यात आलं की समितीला कळणार. शेठ अडकेल, पण तुमचीही प्रदर्शनातली जागा जाईल."

त्यांनी बाकीच्या बायांकडे एकदा पाहिलं. कुणीही नको म्हणालं नाही.

"लिहा साहेब," आक्का म्हणाल्या. "उपाशी गोधडी आम्ही कोनलेच देत नही."

शेठला विचारलं, कोपऱ्यात काय आहे? तो हसला. "कपडा, बीजुं शुं?" म्हणजे कापड, दुसरं काय. पंचांसमोर कोपरा उसवला. टेबलावर ज्वारीचे दाणे पडले आणि वाळून खडखडीत झालेला भाकरीचा तुकडा. दुसरी उसवली, तिसरी उसवली. पाचवीला शेठनं पाणी मागितलं. मग सगळं ओकला. मदत फक्त हातानं काम करणाऱ्यांना होती, म्हणून त्यानं बायांचं काम आपलं म्हणून दाखवायचं ठरवलं होतं. विश्वासघाताचा गुन्हा दाखल झाला.

आणि समितीनं बायांचं नाव कापलं. त्यांचा अधिकारी ठाण्यात येऊन म्हणाला, पुढच्या वर्षी दाण्यांशिवाय शिवून आणा, बघू. आक्का म्हणाल्या, मग त्या चिंध्याच राहतील, आणि चिंध्या तर शेठकडेपण आहेत. एवढं बोलून त्या उठल्या.

नोकरीत मी भले भले लोक फायद्यापायी जबाब फिरवताना पाहिले, पण या बाया नुकसान दिसत असूनही फिरल्या नाहीत. म्हणून कुणी मला सांगू लागलं की गरीब माणूस विकत मिळतो, तर मी त्याला तिथंच थांबवतो. पंचनाम्यात 'मालक' या शब्दापुढे त्या पंधरा जणींची नावं मी माझ्या हातानं लिहिली. शेठच्या वकिलानं ती खोडायला कोर्टात जंग जंग पछाडलं. एकही खोडता आलं नाही.