खोतांच्या बंदुकीची नळी

देवळातलं खोबरं बाबांनी मरेपर्यंत तोंडात घातलं नाही. हातावर पडलेला तुकडा मुकाट्याने माझ्याकडे सरकवायचे. खोतांनी त्यांना तिथे नारळ ठेवायला लावला, तेव्हापासून. आमच्या गावात चूक कबूल करायची ती अशीच, देवापुढे, चारचौघांच्या देखत. आणि चूक बाबांची नव्हतीच, मेल्यांनो!

बाबा लोहार. बंदुका दुरुस्त करायचा परवाना होता त्यांच्याकडे. डुकरं-वांदर हाकायला गावात बऱ्याच जणांकडे ठासणीच्या बंदुका, पण खोतांची दुनळी अमेरिकन. पणजोबांपासूनची. ‘अमेरिकन पोलाद!’ हे शब्द आल्यागेल्या प्रत्येकाने ऐकलेले. एका मे महिन्यात ती गंज काढायला आमच्याकडे आली. मी तेव्हा बावीस वर्षांची, लेथ चालवायचे. बाबांनी नळीवरचा जुना काळा रंग खरवडला आणि रातांब्याच्या आंबट रसाने ती घासली. रस सुकला तसा लोखंडावर काथ्याच्या दोरीसारखा पीळ उमटला. बाबा हरखले. "बघ गो, पट्ट्यो गुंडाळून, ठोकून केलेली नळी ही. काय हात असतलो त्या लोहाराचो!"

खोतांनी बघितलं मात्र, पेटलेच. "ही माझी नळी न्हय! तू बदललंस!"

"खोतानू, पीळ पयलोच आसा. रंगाखाली होतो. नंबर बघा. आणि ह्यात आताची काडतुसां घालू नकात, नळी फुटात."

नंबर कोण बघतो! अमेरिकन पोलादाला पीळ नसतो, एवढंच त्यांनी धरलं. बंदूक हिसकावून घेतली आणि वर धमकी, की नारळ ठेव, नाहीतर पोलिसात जातो. परवाना गेला असता. बाबांनी नारळ ठेवला. त्यानंतर आमच्या भट्टीवर एकही बंदूक आली नाही. कोयते आणि विळे तेवढे यायचे.

मी विसरले नाही. रात्रंदिवस जळले म्हटलं तरी चालेल. परवाना पुढे माझ्या नावावर करून घेतला. मिळेल ते वाचलं, जाणत्यांना विचारलं, तेव्हा कळलं: त्या काळी कितीतरी अमेरिकन कारखाने असल्या पिळाच्या नळ्या बेल्जियमहून तयार मागवत. तिथल्या लोहारांनी ठोकायच्या, यांनी घासूनपुसून बसवायच्या. नाव अमेरिकेचं, घाम दुसऱ्याचा. हे कळलं तोवर बाबा गेले होते.

गेल्या वर्षी खोत वारले आणि त्यांचा मुलगा बंदूक घेऊन माझ्या दारात उभा राहिला. बंदुकीचा परवाना आपल्या नावावर करायला त्याला माझा तपासणीचा दाखला हवा होता. खोटं कशाला सांगू, मला उकळ्या फुटत होत्या.

मी त्याच्यासमोर बंदूक सोडवली. नळीच्या खाली, सांगाड्यावर आणि पुढच्या लाकडाच्या पट्टीवर एकच नंबर. नळीच्या पोटाला बेल्जियमच्या कारागिराचा शिक्का. बदललेली नळी अशी जुळत नाही, हे त्यालाही समजलं. घामाघूम झाला.

"बाय, आमचा चुकला. हयच कबूल करतंय."

"हय नाय. माझ्या बापाशीन खय ठेवलो नारळ?"

मी दाखला लिहायला घेतला. क्षणभर माझ्या मनात आलं, ‘चालवण्यास योग्य’ लिहून द्यावं. घालू दे नवीन काडतूस, उडू दे पंजा. देवाशपथ, पेन हातात होतं. पण तो कागद बाबांच्या धंद्याचा. मी लिहिलं, ‘चालवण्यास अयोग्य.’ बाबांनी बजावलं होतं तेच. खोतांची अमेरिकन बंदूक आता बार काढणार नाही. पण हा दाखला मी त्याला न दाखवता घडी घालून ठेवला, हातात दिला नाही. म्हटलं, देवळात मिळेल.

सोमवारी तो आला. सगळा गाव होता. नारळ ठेवून मान खाली घालून म्हणाला, "माझ्या बापाशीन लोहारदादांवर खोटो आळ घातल्यान."

"मोठ्यान," मी म्हटलं.

त्याने पुन्हा सांगितलं. मी दाखला दिला. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. लोक पांगायला लागले, तोही निघाला. मी त्याला थांबवलं आणि माझा तुकडा त्याच्यासमोर उभी राहून, शेवटपर्यंत चावून चावून खाल्ला.